इंजिनचं काम करायचं, की गाडीच बदलायची?

इंजिन उघडलं जातं, फिटर लायनरवरून नख फिरवतो, वरच्या कडेला नख अडकतं आणि तो म्हणतो, "फुल काम निघालंय." लाख-सव्वा लाखाचा आकडा समोर येतो. पिकअप दहा वर्षांची झालेली. विकायला काढली तर अडीच लाख येतील न येतील. शेजारचा एक जण सांगतो, "यात आता पैसे घालू नका, नवीन घ्या." दुसरा म्हणतो, "एवढं जाड लोखंड नव्या गाडीत मिळायचं नाही, करून घ्या." आणि मालकाला तिथेच, सुट्या पार्टच्या ढिगाऱ्यापुढे उभं राहून ठरवावं लागतं.

बोलेरो पिकअप असो, छोटा हत्ती असो की दोस्त, या गाडीवर महाराष्ट्रात असंख्य घरं चालतात. भाजी बाजारात जाते ती हिच्यातून, दूध डेअरीला जातं ते हिच्यातून आणि मुलांची फी भरली जाते तीही हिच्या भाड्यातून. एवढा मोठा निर्णय गॅरेजमध्ये, अडलेल्या अवस्थेत आणि दुसऱ्याच्या सल्ल्याने होऊ नये असं मला मनापासून वाटतं. गाडीच्या वयावरून तो घेता येत नाही आणि नुसत्या बिलावरूनही घेता येत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात: चासी किती शाबूत आहे, बिघाड नेमका कुठे आहे, आणि गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते. या तिन्ही गोष्टी इंजिन उघडण्याआधी कळू शकतात.

आधी चासी बघा

इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, केबिनचा पत्रा, हौदा हे सगळं दुरुस्त होतं किंवा बदलता येतं. चासीचं तसं नाही. आरसीवर नोंदलेला नंबर तिच्यावर ठोकलेला असतो आणि सगळा माल शेवटी तिच्यावरच तोलला जातो. दोन लांब गर्डर, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर आणि त्यांच्यावर बसवलेली केबिन व हौदा, अशी पिकअपची रचना असते. मालाचा भार गर्डरवरून मागच्या पाट्यांच्या हँगरमधून चाकांवर उतरतो. त्यामुळे चासी दमते ती बहुधा याच भागात.

गाडी रॅम्पवर चढवा किंवा खड्ड्यावर घ्या, खालून पाण्याचा फवारा मारून चिखल काढा आणि लहान हातोडीने गर्डरवर ठोकत मागे मागे जा. चांगलं लोखंड खणखणतं. आतून कुजलेलं लोखंड बद्द आवाज देतं आणि पापुद्रे खाली पडतात. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत घुसलं तर तो गंज वरवरचा नाही. मागच्या हँगरचे बोल्ट आणि रिव्हेट यांच्या भोवती केसासारखी चीर दिसते का, तेही बॅटरीच्या उजेडात पाहायला हवं. पूर्वी कुणी गर्डरवर सरळ उभं वेल्डिंग मारून चीर बुजवली असेल, तर तिच्या शेजारची जागा जास्त तपासा. वेल्डिंगच्या उष्णतेने बाजूच्या पोलादाचे गुण बदलतात आणि पुढची चीर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

गाडीने आजवर कोणता माल वाहिला, यालाही महत्त्व आहे. रत्नागिरी-मालवणकडे मासळी वाहणाऱ्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी चासीवर ठिबकत राहतं. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया विद्युत-रासायनिक असल्यामुळे तिचा वेग वाढतो. रासायनिक खताची पोती वाहणाऱ्या गाडीचंही असंच होतं, कारण सांडलेलं खत हवेतली ओल धरून पत्र्याला चिकटून बसतं. अशी आठ वर्षांची गाडी देशावर पोल्ट्रीचं खाद्य वाहणाऱ्या चौदा वर्षांच्या गाडीपेक्षा म्हातारी असू शकते.

मुख्य गर्डर आरपार कुजला असेल किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा चीर जात असेल, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. त्या गाडीच्या इंजिनवर मोठा खर्च करू नये. भरल्या गाडीने घाट उतरताना चासीने दगा दिला, तर नुकसान केवळ पैशाचं होणार नाही. गंज वरवरचा असेल, तर तो खरवडून, प्राइमर आणि रंग मारून पुढच्या तपासणीकडे वळावं.

धुराचा रंग आणि ऑइलचं झाकण

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा जवळपास अठरा पटींनी दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे हवेचा दाब आणि डिझेलचा फवारा या दोनच गोष्टींवर सगळी मदार असते. दाब कमी पडला तर इंजिनचं काम निघतं. फवारा बिघडला तर पंप-नोझलचं काम निघतं. दोन्हींत गाडी ओढत नाही, सकाळी सुरू व्हायला त्रास देते, धूर मारते. लक्षणं सारखी असली, तरी खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल किंवा नोझल फवाऱ्याऐवजी थेंब टाकत असेल. यातलं बरंच थोडक्यात भागतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते रिंगांतून येत असेल, वॉल्व्हच्या सीलमधून येत असेल किंवा टर्बोतूनही येत असेल. थंडीत सुरुवातीला दिसणारा आणि इंजिन तापल्यावर जाणारा पांढरा धूर न पेटलेल्या डिझेलचा असतो. तो जातच नसेल आणि रेडिएटरचं पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केट किंवा खुद्द हेडकडे पाहावं लागतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं असेल, तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय हे नक्की.

यानंतर ऑइलच्या झाकणाची चाचणी करावी. इंजिन तापल्यावर ते आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करायचं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवायचं. झाकण जागच्या जागी थरथरत राहिलं तर ठीक. ते उडून पडत असेल आणि तोंडातून भकाभका वाफ येत असेल, तर सिलिंडरमधला दाब रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोय. त्यापूर्वी ब्रीदरची नळी चोंदलेली नाही याची खात्री करून घ्यावी, नाहीतर चांगल्या इंजिनालाही दोषी ठरवलं जाईल.

शेवटचा शब्द कॉम्प्रेशन गेजचा. इंजिन न उघडता प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजता येतो. चार सिलिंडर असोत की छोट्या हत्तीच्या जुन्या ७०२ सीसी इंजिनातले दोन, त्यांच्या आकड्यांत साधारण १० टक्क्यांहून जास्त फरक नसावा. सगळ्यांचाच दाब कमी असेल, तर रिंग-लायनर झिजलेत. शेजारशेजारच्या दोघांचाच कमी असेल, तर मधल्या जागी हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी. हे आकडे कागदावर लिहून मागा. जो फिटर ते मोजून दाखवतो, त्याच्या "फुल काम निघालंय" या शब्दाला वजन असतं.

काम निघालंच, तर अर्ध्यावर थांबण्याचा मोह टाळावा. लायनर वापराने लंबगोल झालेला असतो. त्यात नव्या गोल रिंगा टाकल्या, तर त्या नीट बसत नाहीत आणि थोड्याच महिन्यांत धूर परत येतो. लायनर मोजून तो मर्यादेत असेल तरच रिंगांवर भागवावं. झीज कशामुळे झाली हेही शोधायलाच हवं. एअर फिल्टरनंतरचा पाइप फाटून धूळ आत जात असेल किंवा रेडिएटर चोंदून इंजिन तापत असेल आणि ते तसंच राहिलं, तर नवा लायनरही त्याच वाटेने जाईल.

गाडी कोणत्या काळातली आहे, यावर पुढच्या खर्चाचा अंदाज बांधता येतो. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानकं लागू झाली. बीएस-४ च्या आधीच्या बऱ्याच पिकअपमध्ये डिझेलचा यांत्रिक पंप आहे. तालुक्याच्या गावचा पंपवालाही तो खोलून कॅलिब्रेट करून देतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे संगणकाने चालणारी इंजेक्शनची पद्धत, असते; तिच्या इंजेक्टरमधले भाग मायक्रॉनच्या हिशोबाने बसवलेले असतात, भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल त्यांना सहन होत नाही आणि एकेका इंजेक्टरचा खर्च मोठा असतो. म्हणून कॉमन रेलच्या गाडीचं इंजिन करायला घेताना इंजेक्टर तपासून त्यांचा खर्चही अंदाजात धरलेला हवा.

हिशोब किलोमीटरचा

"दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, की गाडी काढून टाका," असा सल्ला सर्रास मिळतो. त्यात तुलनाच चुकीची आहे. सव्वा लाख खर्च करायचे की नाही, हे जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडून कळत नाही. ते खर्च केले नाहीत तर त्याच कामासाठी दुसरीकडे वर्षाला किती जाणार आहेत, त्याच्याशी ताडावं लागतं. "दोन महिन्यांपूर्वीच क्लच टाकला, आता गाडी कशी देऊ," हेही धरायचं नाही. ते पैसे गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले.

नमुन्यादाखल दोन मालक घेऊ. आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने आपले टाकून पाहावेत. पहिला नारायणगावहून पुण्याच्या गुलटेकडी बाजारात टोमॅटो नेतो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, वर्षाला ४०,०००. दुसरा निफाडचा बागायतदार. द्राक्षाच्या पेट्या, खत, मजूर आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजाराच्या खेपा मिळून वर्षाला १२,०००.

नवी पिकअप १० लाखांना पडली असं धरू. दोन लाख रोख आणि आठ लाख कर्ज, ११ टक्के व्याजाने पाच वर्षं. हप्ता सुमारे १७,४०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ४४ हजार. पाच वर्षांनी पहिल्याच्या गाडीला ४ लाख येतील, दुसऱ्याच्या कमी धावलेल्या गाडीला ५ लाख. घसारा आणि व्याज मिळून पहिल्याला वर्षाला १ लाख ६९ हजार पडतात, दुसऱ्याला १ लाख ४९ हजार. त्यात सर्व्हिसिंगचे अनुक्रमे २५ हजार आणि १० हजार, आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे १५ हजार मिळवा. थर्ड पार्टीचा हप्ता मालगाडीच्या एकूण वजनावर ठरतो, वयावर नाही; त्यामुळे तो तुलनेत धरलेला नाही. नव्या गाडीचा वार्षिक भार पहिल्याला २ लाख ९ हजार, दुसऱ्याला १ लाख ७४ हजार.

आता जुनी ठेवली तर काय होतं ते पाहू. १ लाख २० हजारांचं इंजिनकाम तीन वर्षांवर वाटलं, की वर्षाला ४० हजार. घसारा ३० हजार. इतर दुरुस्ती पहिल्याला ६० हजार, दुसऱ्याला २५ हजार. गाडी उभी राहिल्याने बुडालेली भाडी किंवा दुसऱ्याची गाडी लावण्याचा खर्च, दिवसाला २,५०० धरला, तर पहिल्याचे बारा दिवस म्हणजे ३० हजार आणि दुसऱ्याचे तीन दिवस म्हणजे साडेसात हजार. ॲव्हरेज नव्या गाडीचं १४ आणि जुनीचं १२ मानलं, तर ९० रुपये लिटरने पहिल्याला जादा डिझेल सुमारे ४३ हजारांचं लागेल, दुसऱ्याला १३ हजारांचं. एकूण पहिल्याला २ लाख ३ हजार, दुसऱ्याला १ लाख १५ हजार ५००.

बागायतदाराला जुनी गाडी ठेवून वर्षाला ५८ हजारांहून जास्त वाचतात. त्याने चासी चांगली असेल तर बिनदिक्कत इंजिनचं काम करावं. टोमॅटोवाल्याला मात्र फरक फक्त सहा हजारांचा, म्हणजे नसल्यातच जमा. त्याचा निर्णय भरवशावर व्हायला हवा. पहाटे चाकणच्या पुढे गाडी बंद पडली आणि लिलावाची वेळ हुकली, तर त्या दिवशी भाडं तर जातंच, शिवाय ज्यांचा माल होता ते शेतकरी दुसऱ्या गाडीवाल्याकडे जातात. रोजची धाव याहून जास्त असेल, समजा वाशीच्या बाजाराची, तर डिझेल, दुरुस्ती आणि उभं राहण्याचे दिवस सगळेच वाढतात आणि पारडं नव्या गाडीकडे झुकतं.

हप्त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. वर्षाच्या हिशोबात नवी गाडी परवडली, तरी १७,४०० रुपये दर महिन्याला भरावे लागतात, आणि भाजीचा बाजार बारा महिने सारखा नसतो. गेल्या वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात हातात काय उरलं होतं ते आठवावं. त्या महिन्यातही हप्ता निघत असेल, तरच कर्ज काढावं.

नियमांबद्दलचे समज

"दहा वर्षांनी डिझेल गाडी बंदच होते," ही भीती गावोगावी ऐकू येते आणि त्यापोटी धडधाकट गाड्या पडत्या भावात विकल्या जातात. दहा वर्षांची ती अट दिल्ली आणि राजधानी परिसरापुरती आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून ती आली. महाराष्ट्रात मालगाडीला फिटनेस, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, मिळत असेल तर ती चालवता येते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांतून एकदा असतं, त्यानंतर दरवर्षी. गाडी जुनी होईल तशी त्याची फी बरीच वाढते आणि जुन्या गाड्यांना पर्यावरण करही लागतो. हे दोन्ही आकडे आपल्या आरटीओतून घेऊन हिशोबात टाकावेत.

गाडी खरोखर संपली असेल, तर ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नये. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली, की ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवल्यावर नव्या व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. जुन्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द होते, हा फायदा त्याहून मोठा. नंबर प्लेटसकट भंगारात गेलेली गाडी उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडली, तर पोलीस कागदावरच्या मालकाच्याच दारात येतात.

नवी घेणाऱ्यांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत तीच राहिली, तर शोरूमची किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. सुटे भागही आता १८ टक्क्यांत आहेत, त्यामुळे दुरुस्तीलाही तो दिलासा आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालगाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट बहुतेक वेळा मिळू शकतं. शेतकऱ्याला ते मिळत नाही. दोघांसाठी नव्या गाडीची खरी किंमत एक नसते.

मधला रस्ता

नवी की जुनी या दोन टोकांमध्ये तीन-चार वर्षं वापरलेली गाडी असते. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचं प्रचलित कोष्टक पाहिलं, तर पाचव्या वर्षापर्यंत किंमत निम्म्यावर येते. सर्वांत मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. वर सांगितलेली चासीची आणि झाकणाची चाचणी त्या गाडीवरही करावी, आणि आरसीवर बँकेचा बोजा उरलेला नाही हे पाहूनच पैसे द्यावेत.

आताची कोणतीही नवी डिझेल पिकअप बीएस-६ आहे. काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या मॉडेलमध्ये ती काजळी जाळून टाकायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मोकळ्या रस्त्यावर सलग धावताना मिळते. मळ्यातून गावात आणि गावातून मळ्यात अशा तुटक, सावकाश खेपा मारणाऱ्याने खरेदीपूर्वी याची चौकशी करावी. छोट्या ठरावीक फेऱ्यांसाठी सीएनजी किंवा विजेवरची गाडीही तोलून पाहावी.

जुनी गाडी ठेवणाऱ्यावर एक जबाबदारी आहे, आणि ती मला या सगळ्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. तो धूर आधी चालकाच्या आणि हौद्यात बसलेल्या मजुरांच्या छातीत जातो. जुनी गाडी ठेवायची ती नीट दुरुस्त करून. काळा धूर ओकत ओढत नेणं म्हणजे गाडी टिकवणं नव्हे.

म्हणून हा निर्णय गाडी चालती असतानाच घ्यावा. पुढच्या पासिंगआधी एक दिवस काढून चासी ठोकून घ्या, दाब मोजून घ्या आणि वर्षभराचे किलोमीटर, दुरुस्ती व उभे राहिलेले दिवस एका वहीत लिहा. त्यावरून एक आकडा ठरवा: वर्षाला याहून जास्त दुरुस्ती झाली, की गाडी बदलायची. जुनी ठेवायचं ठरलं, तर नव्या गाडीच्या हप्त्यातून वाचणाऱ्या रकमेतले पाच-सात हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत जा. तीन वर्षांत तिथे १ लाख ८० हजार ते अडीच लाख साठतात. जुन्या गाडीने साथ दिली, तर ते नव्या गाडीचं डाउन पेमेंट होतं. मध्येच काम निघालं, तर दुरुस्तीला सावकाराकडे जावं लागत नाही.